मोठ्या आवाजाचा टॅब

माझा धंदा काय, असं कुणी विचारलं आणि मी सांगितलं, की समोरचा माणूस आधी स्वतःचा घसा खाकरून घेतो. जणू मी लगेच त्याची परीक्षा घेणार आहे. मग म्हणतो, "हां हां, बोबड्या मुलांना शिकवायचं ना?" त्यांनाही शिकवलं. पण माझी नोकरी बरीचशी गेली ती मोठ्या माणसांत, कालपर्यंत घडाघडा बोलणाऱ्या आणि एका सकाळी मुक्या झालेल्या माणसांत. धुळ्याच्या एका धर्मादाय रुग्णालयात मी वाचा उपचारक होते. हे नाव आमच्या दारावरच्या पाटीखेरीज कुठे कुणी वापरलं नाही. खेड्यापाड्यांत मी 'बोलतं करनारी ताई'.

आता निवृत्त होऊन जळगावला लेकीजवळ राहते. संपादकबाई म्हणाल्या, कामातलं काहीतरी हलकंफुलकं लिहा, लोकांना दिवाळीत जड वाचवत नाही. हलकंफुलकं आमच्या कामात असतं, नाही असं नाही. मुक्ताईनगरकडचे एक माळकरी गृहस्थ होते. लकव्याच्या झटक्यानंतर त्यांचे सगळे शब्द गेले आणि एकच शिल्लक राहिला, तोही शिवी. आयुष्यात कधी तोंडातून काढली नसेल अशी. मला बघितलं की दोन्ही हात जोडायचे आणि मोठ्या भक्तिभावाने ती शिवी द्यायचे. त्यांची बायको पदराने तोंड झाकून घ्यायची. मी तिला सांगायची, बाई, हे ते बोलत नाहीत, त्यांचा मेंदू बोलतोय. शिव्या, आकडे, पाठ झालेले श्लोक हे मेंदूत वेगळीकडे साठवलेलं असतं, ते कधी कधी वाचतं. विचार करून बोलायचं बोलणं जातं. तिला ते पटलं की नाही कोण जाणे, पण पुढच्या खेपेपासून ती त्यांना मागच्या दाराने आणायला लागली.

तर हसून झालं असेल तर पुढचं सांगते, कारण पुढे फारसं हसायला नाही.

आवाज जाणं आणि बोलणं जाणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हे एवढं लक्षात घेतलं तर माझा अर्धा धंदा समजला. घशाला कॅन्सर झाला आणि स्वरयंत्र काढलं, तर आवाज जातो. पण त्या माणसाच्या डोक्यात शब्द जागच्या जागी असतात. त्याला पाटी द्या, तो लिहून दाखवील. लकव्यात उलटं होतं. घसा ठणठणीत, जीभ हलते, पण समोर ठेवलेल्या पेल्याला काय म्हणतात ते सापडत नाही. समजतं सगळं. घरात काय चाललंय, कोण काय लपवतंय, सगळं. फक्त शब्द हाताला लागत नाही. अशा माणसाला पाटी दिली तर तो पाटीकडे बघत बसतो आणि मग रडतो. मोठी माणसं, मिशावाली माणसं रडताना मी फार पाहिली.

या माणसांचा शब्द परत आणायचा एकच मार्ग मला ठाऊक आहे. त्याच्यासमोर बसायचं, तोंडासमोर तोंड ठेवायचं, शब्दाचं पहिलं अक्षर आपण म्हणायचं आणि थांबायचं. "चऽऽ" म्हणायचं आणि थांबायचं. त्याचे ओठ हलतात, चेहरा लाल होतो, आणि कधीतरी, नशीब असेल तर, "हा" बाहेर पडतो. थांबणं हाच यातला अवघड भाग. घरच्यांना ते जमत नाही. मायेपोटी ते स्वतःच शब्द पुरा करून टाकतात आणि चहा आणायला पळतात. आणि हे सगळं पहिल्या काही महिन्यांत व्हावं लागतं. नंतर मेंदू त्या वाटेवरचं येणंजाणं बंद करतो. मग कितीही 'चऽऽ' म्हणा.

आमच्याकडे टॅब आले ते एका परोपकारी संस्थेमार्फत. ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यासाठी मुद्दाम बनवलेले. पडद्यावर चित्रं, चित्रावर बोट ठेवलं की टॅब तो शब्द बोलणार. पहिल्या पिढीचा टॅब म्हणजे एक धोंडाच होता. जाड, जड, मांडीवर ठेवला तर पायाला मुंग्या यायच्या. बोट ठेवल्यावर तो विचार करायचा आणि मगच बोलायचा. दुपारपर्यंत चार्जिंग संपायचं. आमच्याकडचा एप्रिल तर त्याला मुळीच सोसायचा नाही. ओट्यावर ठेवला की तापून बंद पडायचा आणि मग त्याला ओल्या फडक्यावर ठेवून निववायला लागायचं. आणि आवाज? आवाज असा की पंखा चालू असेल तर कान लावून ऐकावं लागे. शब्द आम्हीच भरले होते. पुरुष रुग्णांसाठी आवाज आमच्या वॉर्डबॉयचा, शिरपूरकडचा पक्का अहिराणी बोलणारा. त्याला सर्दी होती त्या आठवड्यात, त्यामुळे आमचे सगळे पुरुष रुग्ण सर्दी झाल्यासारखे बोलायचे.

धनराज नानांना तो आवाज अजिबात पसंत नव्हता.

नाना नरडाण्याजवळच्या एका खेड्यातले. मार्केट यार्डात लिलाव पुकारायचे काम करायचे. मिरची असो, मका असो, ढिगाऱ्यापाशी उभं राहून व्यापाऱ्यांकडून भाव चढवत न्यायचा आणि शेवटी "एक वार, दोन वार, तीन वार" म्हणून तोडायचा, म्हणजे पक्का करायचा. मी त्यांना त्या कामावर कधी पाहिलं नाही, पण त्यांच्या गावात ज्याने त्याने मला सांगितलं, की नानांचा आवाज यार्डाच्या फाटकाबाहेर रसाच्या गाडीवर बसलेल्या माणसाला ऐकू यायचा. आणि दोन वार आणि तीन वार यांच्यामध्ये ते किती थांबायचे, त्यावर शेतकऱ्याचं नशीब ठरायचं. व्यापाऱ्याचा डोळा जरा हलला तरी नाना थांबायचे. ते थांबले की एखादा भाव वाढवायचाच.

असा माणूस मुका झाला. उजवा हात लुळा पडला होता, पण पाय सुधारला, चालायला लागले. बोलणं मात्र कोरं. पहिल्यांदा माझ्यासमोर बसले तेव्हा तोंड उघडून त्यांनी इतका जोर लावला की मानेच्या शिरा फुगल्या, आणि बाहेर काही आलं नाही. मग त्यांनी डाव्या हाताने स्वतःच्या तोंडावर एक चापट मारली. त्यांच्या बायकोने, शांताअक्कांनी, तो हात धरला आणि धरूनच ठेवला.

मी त्यांना टॅब दिला. डाव्या हाताचं बोट पाण्याच्या चित्रावर ठेवलं, टॅबने विचार केला आणि सर्दाळलेल्या आवाजात पुटपुटला, "पानी." नानांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी त्यांना कुजकी मिरची विकायला आणली आहे. अक्का म्हणाल्या, "ताई, हाऊ काय आवाज शे? तेस्ले आवडाव नही."

नाही आवडला. पण गरज म्हणून घेतला. घरी नाना पुढच्या खोलीत खाटेवर आणि अक्का मागे चुलीपाशी. नानांनी बोट ठेवलं तरी मागे काही ऐकू जायचं नाही. मग ते चार वेळा बोट ठेवायचे, शेवटी खाटेची कड ठोकायचे. अक्का हातातलं टाकून यायच्या, जवळ बसायच्या, टॅबला कान लावायच्या आणि विचारायच्या, "काय म्हंतस?" टॅब संथ, तो बोलेपर्यंत अक्काच "पाऽऽ" म्हणून थांबायच्या. मी शिकवलं होतं तसं. इतकं चांगलं थांबणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही. पोळी करपली तरी थांबायच्या.

आणि शब्द यायला लागले. आधी "पा". मग "पानी". मग "चा". "नही" तर फारच लवकर आला, आणि तो नाना कारण नसताना वापरायचे. त्यांच्या घरी जाताना सोनगीरचा किल्ला मागे पडला की एसटीत मला दर खेपेला हुरहुर लागायची, आज काय नवीन ऐकायला मिळणार म्हणून. एकदा पोहोचले तर अक्का दारातच उभ्या होत्या. नानांविषयी, आमच्याकडच्या मानाच्या 'त्या'ने, मला म्हणाल्या, "ताई, काल त्या माले बलावनात."

"बोलावलं? टॅबवर?"

"नही ना. तोंडघाई. 'आयक' म्हनेत."

आमच्याकडच्या जुन्या माणसांत नवरा बायकोला नावाने हाक मारत नाही. तोंडघाई म्हणजे स्वतःच्या तोंडाने, आणि 'आयक' म्हणजे ऐक, एवढंच. लग्न झाल्यापासून नानांनी त्यांना याच शब्दाने हाक मारली होती. आजारानंतर ती हाक गेली होती आणि काल परत आली होती. अक्का हे सांगताना रडल्या नाहीत, उलट जरा लाजल्या. मला मात्र रडू आलं, हे लिहायला मला आता कसला संकोच वाटत नाही. वाचाघात झालेला माणूस बायकोला हाक मारतो म्हणजे नुसता शब्द परत येत नाही, वाट उघडी आहे असा त्याचा अर्थ असतो. अजून काही महिने हाताशी होते. मला वाटलं, हे नाना यार्डात नाही पुकारणार कदाचित, पण घरात बोलतील. भांडतीलसुद्धा.

तेवढ्यात दुसऱ्या पिढीचा टॅब आला.

त्याचे गुण सांगते, आणि हातचं राखून सांगत नाही. हलका, एका हातात मावणारा. उन्हात पडदा दिसतो. चार्जिंग दिवसभर पुरतं. आमच्या एप्रिलमध्येही तापून बंद पडला नाही. बोट ठेवलं की तत्काळ बोलतो. एका शब्दावर थांबत नाही, आपण 'चहा' वर बोट ठेवलं तर खाली तीन वाक्यं तयार ठेवतो, 'मला चहा हवा आहे', 'पाहुण्यांना चहा द्या', असं. ज्याला वाटेल ते त्याने निवडावं. जी चित्रं जास्त वापरली जातात ती स्वतःहून पुढे आणून ठेवतो. आणि आवाज मोठा, स्वच्छ, पुरुषाचा भारदस्त आवाज.

धुळ्याच्या हारून चाचांना त्याने नवा जन्म दिला, हे मी कुणापुढेही सांगेन. चाचा शिंपी. घशाच्या कॅन्सरमध्ये स्वरयंत्र काढलेलं, डोकं मात्र शाबूत. जुन्या टॅबवर त्यांचा जीव घुसमटायचा. त्यांच्या मनात पन्नास गोष्टी आणि टॅबच्या पोटात चित्रं पाण्याची आणि संडासाची. नवा टॅब मिळाल्यावर ते दुकानात परत बसले. त्यात अक्षरंही होती, ती दाबून वाक्य करायचे आणि गिऱ्हाईकाला ऐकवायचे, "अम्मा, कपड़ा कम है, बाहें आधी बनेंगी." गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की टॅब खाली ठेवून शिलाई सुरू करायचे. मला एकदा त्यांनी टॅबवरून ऐकवलं, "मॅडम, आवाज़ तो पहले वाली से अच्छी है, बीवी डरती है अब."

म्हणून हा टॅब वाईट, असं मी म्हणत नाही. हाच टॅब नानांकडेही गेला, एवढंच.

संस्थेचा नियम असा होता की जुना परत द्यायचा आणि नवा न्यायचा. नाना रुग्णालयात आले तेव्हा टेबलावर दोन्ही होते. मी अक्कांना म्हटलं, थोडे दिवस जुनाच राहू द्या, नानांचं बोलणं येतंय, त्याला धक्का नको लावायला. खरं तर तेव्हा मला नक्की काही ठाऊक नव्हतं.  आणि हा नवा टॅब आल्यापासूनचा पहिलाच आठवडा होता, अनुभव कुणालाच नव्हता. संस्थेचे एक तरुण अधिकारी पुण्याहून आले होते, भले माणूस, प्रत्येक रुग्णाशी खाली वाकून बोलणारे. त्यांनी नानांचं बोट नव्या टॅबवर ठेवलं. "नमस्कार, मी धनराज. बसा," असं तो टॅब म्हणाला, आणि वऱ्हांड्यातल्या रांगेतल्या माणसांनी माना वळवल्या.

नानांनी त्या वळलेल्या माना पाहिल्या. मी नानांना पाहिलं. आजारानंतर पहिल्यांदा हा माणूस ताठ बसला होता.

मग जुना टॅब त्यांनी डाव्या हाताने माझ्याकडे असा सरकवला, की पुन्हा दाखवू नका.

पहिले दिवस घरात सण होता. नाना खाटेवरून बोलायचे आणि गल्लीच्या टोकाला ऐकू जायचं. येणाराजाणारा थांबायचा. टॅबमध्ये घरच्यांचे फोटो घातले होते. अक्कांच्या फोटोवर बोट ठेवलं की तो भारदस्त आवाज हाक मारायचा, "शांता!" जन्मात नवऱ्याच्या तोंडून नाव न ऐकलेली बाई. शेजारणी म्हणायच्या, "अक्का, म्हातारपनी नाव लेवाले लागनात वं!" अक्का तोंडावर पदर धरून हसायच्या.

थोरला मुलगा त्यांना मोटारसायकलवर यार्डात घेऊन गेला. हे मला त्याच मुलाने सांगितलं. त्याने टॅबमध्ये लिलावाची वाक्यं भरून दिली होती. यार्डातल्यांनी नानांना खुर्ची दिली, चहा दिला आणि मक्याचा भाव तोडायचा मान दिला. नानांनी बोट ठेवलं. टॅब म्हणाला, "एक वार, दोन वार, तीन वार." एका दमात, सारख्या अंतराने. दोन आणि तीनच्या मध्ये थांबायचं त्याला कोण सांगणार? भाव जिथे होता तिथेच तुटला. सगळे हसले, टाळ्या वाजवल्या, प्रेमानेच. नाना हसले नाहीत. पुढच्या बाजाराच्या दिवशी मुलाने विचारलं, तर टॅबवरून उत्तर आलं, "नाही, धन्यवाद."

माझी पुढची खेप झाली ती त्यानंतर. दारात कुणी उभं नव्हतं. नाना खाटेवर. मला पाहून त्यांनी टॅब दाबला, "या, बसा. मला चहा हवा आहे. पाहुण्यांना चहा द्या." मागून अक्कांचा आवाज आला, "ठेवस, ठेवस." चहा आला, कप ठेवला आणि अक्का परत गेल्या. चुलीवर काही होतं.

मी नानांसमोर बसले. "चऽऽ" म्हटलं आणि थांबले. नानांनी टॅबकडे बघितलं. मी टॅब हळूच बाजूला ठेवला. "चऽऽ." त्यांचे ओठ जुळले नाहीत. "पाऽऽ" म्हटलं. नाही. ज्या शब्दांना आम्ही महिनोन्महिने घासून बाहेर काढलं होतं, ते कुठेतरी परत खाली गेले होते. नानांना ते कळलं. त्यांनी टॅब ओढून घेतला आणि त्यावर बोट शोधायला लागलं. हवं ते चित्र रोज जिथे असायचं तिथे नव्हतं, टॅबने वापरानुसार जागा बदलली होती. लकव्याच्या माणसाला शब्द सापडत नाही, पण जागा आठवते. नानांना जागाही आठवेना. शेवटी चुकीचंच दबलं आणि टॅब ठणठणीत आवाजात म्हणाला, "मला झोपायचं आहे." मागून अक्का म्हणाल्या, "झोपा ना मंग."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं काय झालं होतं ते. जुना टॅब पुटपुटायचा म्हणून अक्कांना उठून यावं लागे. जवळ बसावं लागे, कान लावावा लागे. संथ होता म्हणून थांबावं लागे. एकच शब्द बोलायचा म्हणून पुढचं दोघांना मिळून शोधावं लागे. त्या सगळ्या खोडींमधून नानांचे शब्द येत होते. नव्या टॅबने कुणाला उठायची गरजच ठेवली नाही. हाक जाते, उत्तर येतं, पाणी येतं. माणूस येतं ते कप ठेवण्यापुरतं. आणि यात अक्कांचा दोष काय? घर, शेरडं, सुनेचं बाळंतपण, सगळं त्यांच्यावर. ऐकू आल्यावर कुणी कशाला धावत येईल?

संस्थेने दोन्ही टॅबची तुलना मागवली होती. मी 'मोठा आवाज' या रकान्याखाली लिहिलं, घसा गेलेल्यांसाठी गुण, शब्द गेलेल्यांसाठी दोष. त्या अधिकाऱ्यांचा फोन आला.

"ताई, तुमचं वाचलं. पण आवाज मोठा असणं हा दोष कसा लिहू मी? वरचे लोक हसतील."

"हसू द्या. आमच्याकडे शिव्या देणारे भक्त असतात, हसण्याची सवय आहे आम्हाला."

"जुना टॅब चांगला होता असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"चांगला नव्हता. भिकार होता. पण नाना त्याच्यामुळे बोलत होते."

ते मग म्हणाले, "मला समजतंय ताई. पण भिकार टॅब बनवा, असं मी कुणाला कसं सांगू?" त्यांचं खरं होतं. मी जुने टॅब परत मागितले, निदान एक. ते सगळे मोडीत गेले होते.

मग मी मला जमेल ते केलं. नानांना रोज दुपारी थोडा वेळ टॅब कपाटात ठेवायला सांगितलं. पहिल्या दिवशी नानांनी कपाटाचं दार हाताने बडवलं. दुसऱ्या दिवशी जेवले नाहीत. मुलगा म्हणाला, "ताई, बाबांचा आवाज काढून घ्यायचा आम्हाला काय अधिकार?"  मी नानांना समजावलं, सगळं, जसं इथे लिहिलंय तसं. त्यांनी नीट ऐकलं, त्यांना समजलंही. मग त्यांनी बराच वेळ लावून तीन चित्रं दाबली. "मी. मोठा. आवाज." वाक्य होत नव्हतं, पण काय म्हणायचंय ते मला कळलं. उभं आयुष्य ज्या माणसाचं बोलणं फाटकाबाहेर गेलं, त्याने आता बायकोच्या कानाजवळ 'पा' 'पा' करत बसायचं? त्यापेक्षा उसना का असेना, मोठा आवाज त्यांना हवा होता. मी त्यांना चूक म्हणू शकत नाही. मी त्यांच्या जागी असते तर काय निवडलं असतं, मला माहीत नाही.

महिने गेले. वाट बंद होण्याचे म्हणून जे महिने मी सांगितले, ते गेले. मी जात राहिले, 'चऽऽ' म्हणत राहिले, कारण पगार त्याचाच मिळत होता. पुढे पुढे नाना माझ्याकडे दयेने बघायचे.

निवृत्तीच्या आधीची शेवटची खेप. निघताना अक्का मला एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला आल्या. एरवी येत नसत. थांब्यावर कुणी नव्हतं, ऊन होतं. अक्का म्हणाल्या, "ताई, खरं सांगा. त्या आते तोंडघाई बोलतीन का?"

अशा वेळी काय सांगायचं हे आम्हाला शिकवलेलं असतं. प्रयत्न चालू ठेवा, आशा सोडू नका. चाळीसेक वर्षं संसार केलेल्या बाईला ते सांगणं मला जमलं नाही.

"नाही, अक्का," मी म्हटलं. "आता नाही बोलणार."

त्यांनी मान हलवली. त्यांना ते आधीच ठाऊक असावं. मग रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "मंग त्या टॅबना आवाज धाकला करता येस का?"

"येतो की. बाजूला बटण आहे. का हो?"

"माले चुलीजोडेच बठ्ठं ऐकू येस. त्या पानी म्हंतस, मी पानी धाडस. त्या जेवन म्हंतस, मी ताट धाडस. दिनभर तेस्ना तोंडकडे देखनं व्हत नही." आणि मग हळूच, नानांजवळ जायची परवानगी मागितल्यासारखं, "आवाज धाकला ऱ्हायना, ते माले उठीसन तेस्ना जोडे जावाले बहाना तरी ऱ्हाई."

एसटी येताना दिसत होती. मी ती जाऊ दिली. आम्ही दोघी परत घरी गेलो. नाना खाटेवर झोपले होते, टॅब उशाला. मी अक्कांचं बोट धरून बाजूच्या बटणावर ठेवलं आणि दाखवलं, इकडे दाबलं की कमी, तिकडे दाबलं की जास्त. अक्कांनी आवाज अगदी खाली नेला, अगदी त्या जुन्या धोंड्याइतका, आणि टॅब होता तसा उशाला ठेवला.

मध्यंतरी त्यांच्या मुलाचा फोन आला होता, दुसऱ्याच कामासाठी. मी आईबाबांचं विचारलं. म्हणाला, तब्येती ठीक आहेत, फक्त त्या टॅबवरून रोजचा खेळ चालतो. सकाळी बाबा झोपेत असताना आई आवाज कमी करून ठेवते. बाबा उठले की बटण शोधून परत वाढवतात. दुपारी ते डुलकी घेतात तेव्हा आई पुन्हा कमी करते. ती का करते हे बाबांना ठाऊक नाही, आणि विचारायला त्यांच्या टॅबमध्ये तसं चित्र नाही. आईही सांगत नाही. त्या दोघांत आता तेवढंच बोलणं उरलं आहे.